घडीमामाची ब्रोकोली

आमचा मामा गेल्या महिन्यात गेला. भेटायला येणारी माणसं बसायची, पाणी प्यायची, इकडचं तिकडचं झालं की हळूच विचारायची, एकटाच राहायचा ना, मग जेवणाखाण्याचं कोण बघायचं? आम्ही सांगायचो, तोच बघायचा, आणि ब्रोकोली तर अशी करायचा की मागून घ्याल. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री केलेला माणूस, त्याचा आणि ब्रोकोलीचा काय संबंध? तर तो संबंध कसा जुळला ते सांगायचंय.

मामाला लॉन्ड्रीत सगळे घडी म्हणायचे. घडीमामा. त्यानं घातलेली घडी प्रवासाच्या बॅगेतून निघाली तरी मोडलेली नसायची, म्हणून. लॉन्ड्री म्हणजे एक लांबुडकं दुकान. पुढे काउंटर, मध्ये कपडे लटकवायचा लोखंडी दांडा, आणि पार मागे वाफेचं टेबल. पायाखालचं पेडल दाबलं की टेबलातून फुस्स करून वाफ वर यायची, कापड मऊ पडायचं, मग मामा त्यावरून इस्त्री फिरवायचा. मागची खिडकी कायम धुरकट. बाहेर ऊन आहे की पाऊस हे मामाला गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून कळायचं.

त्याचा एक नेम होता. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावून बघायचा नाही. थंडीत कुडकुडत घरी येईल, पण पाठीमागे एवढे कोट लटकलेत त्यातला एक घटकाभर खांद्यावर टाकीन, असं नाही. म्हणायचा, ज्याचं त्याला. आपण फक्त नीट करून द्यायचं.

लग्न त्यानं केलं नाही. ताईचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून बहीणभाऊ एकत्र. ताई म्हणजे आमची मोठी मावशी, पण मामा ताई म्हणायचा म्हणून आम्ही भाचरंही ताईच म्हणायचो. कुलपांच्या दुकानावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत ताईचा पलंग आणि मामाची घडीची खाट, मागच्यात ओटा आणि शेगडी. ताई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पातेली एवढाली की आत माणूस बसेल. तिच्या जिभेला चव होती आणि धारही होती. मामानं एकदा अंडं उकडायला ठेवलं आणि पाणी आटून भांडं काळं केलं, त्यावर ती कितीतरी वर्षं बोलत होती. तेव्हापासून मामाला ओट्याजवळ फिरकायची बंदी. "तू कापडं सांभाळ," म्हणायची, "पोटाचं मी बघते."

मग ताईच्या पोटातच दुखणं निघालं. वाईट दुखणं. औषध चढवलं, केस गेले, ते ती म्हणाली जाऊ देत, विंचरायचा त्रास वाचला. पण तोंडाची चव गेली तेव्हा मात्र ती गप्प झाली. काहीही तोंडात घातलं तरी लोखंड चोखल्यासारखं लागतं म्हणायची. भात लोखंड, दूध लोखंड, फळसुद्धा लोखंड. घास तोंडात घ्यायची, इकडून तिकडे फिरवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टरांनी मामाला बाहेर बोलावून सांगितलं, वजन फार उतरलंय. अंगात एवढीशी ताकद आहे, त्यावर पुढचं औषध देता येणार नाही. वजन वाढवून आणा, मग बघू. मामानं एवढंच डोक्यात धरलं. वजन वाढलं तर औषध, औषध मिळालं तर ताई.

तिथेच आहाराचं सांगणारी एक बाई होती. तिच्यापुढे रांग, म्हणून ती भराभर बोलायची. अंडी द्या, लोणी द्या, बटाटा द्या, हिरवं पोटात गेलं पाहिजे, ब्रोकोली चांगली, फक्त वाफ द्या, शिजवून लगदा करू नका. बाकी सगळं मामाच्या डोक्यावरून गेलं. पण वाफ द्या म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. वाफ द्यायची? एवढंच? ते तर आपलंच काम!

दुसऱ्या दिवशी मामा ब्रोकोलीचा गड्डा पिशवीत घालून लॉन्ड्रीत घेऊन गेला. दुपारी दुकान थंड असतं. त्यानं वाफेच्या टेबलावर पांढरं स्वच्छ कापड अंथरलं, त्यावर गड्डा ठेवला, वरून दुसरं कापड झाकलं आणि पेडल दाबलं. फुस्स. कापड उचलून बघितलं, परत झाकलं, परत फुस्स. तेवढ्यात काउंटरवरच्या वहिनी मागे आल्या. या वहिनी वयानं मामापेक्षा लहान, पण दुकान त्यांच्या तोंडावर चालायचं.

"मामा, कसला वास येतोय?"

"ब्रोकोली आहे."

"ते दिसतंय मला. ती टेबलावर का निजलीय?"

"वाफ देतोय. ताईला द्यायचीय. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, वाफ द्या म्हणून."

वहिनींनी आधी कपाळाला हात लावला आणि मग हसता हसता दांड्याला धरून उभ्या राहिल्या. "अहो मामा, आता हिची कॉलर पण बसवा! आणि क्रीझ? क्रीझ कोण पाडणार?" मग एकदम गंभीर झाल्या. "टाका ती. बॉयलरच्या पाण्यात गंज धरू नये म्हणून औषध घालतात, माहिती नाही का तुम्हाला? ताईंना बरं करायचंय की त्यांचा गंज काढायचाय?"

मामाचं तोंड एवढंसं झालं. रोज त्याच पाण्याशी काम, आणि तेच विसरला. वर त्या दिवशी मागे लटकलेल्या एका कोटाला भाजीचा वास लागला. ज्याचा कोट तो बराच वेळ बाही हुंगत राहिला. मालक म्हणाले, घडी, उद्या टोमॅटो आणशील तर बटणं तेवढी सांभाळ. पुढे किती दिवस दुकानात कोणीही दुपारचा डबा उघडला की म्हणायचं, थांबा, आधी मामांकडून वाफ देऊन आणा.

पण वहिनींनीच त्याला शिकवलं. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की हातवारे करून सांगायच्या. पातेल्यात बोटाच्या पेराएवढंच पाणी घ्या. ते उकळलं की वर चाळणी ठेवा, चाळणीत ब्रोकोलीचे तुरे, सगळे एकसारखे तोडलेले, नाहीतर एक कच्चा राहतो आणि एकाचा लगदा होतो. झाकण घाला. आणि तिथून हलू नका. "हिरवा रंग एकदम उठून दिसतो बघा, फुलल्यासारखा. त्या क्षणी उतरवायचं. जरा थांबलात की रंग मळतो आणि मग तो वास सुटतो, परवासारखा."

हे मामाला झटकन कळलं. कापडाचंही तसंच असतं. वाफ बसली की रंग वर येतो, जास्त बसली की कापड मरतं. त्या रात्रीच्या जेवणाला त्यानं ताईपुढे बशी ठेवली. वाफवलेले तुरे, वर लोणी वितळलेलं.

ताईनं बशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बागेतली झाडं तोडून आणलीस काय रे?"

"खाऊन तरी बघ."

तिनं एक तुरा तोंडात घातला. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. जबडा हलला, थांबला, परत हलला, घास खाली उतरला.

"मीठ नाही का घातलंस?"

मामाला कोण आनंद झाला! इतके दिवस ती लोखंडाशिवाय काही बोलली नव्हती, आज मीठ म्हणाली. म्हणजे जीभ जागी होतेय. त्यानं पळत जाऊन मीठ आणलं. दुसऱ्या दिवशी आधीच थोडं जास्त घातलं. तरी ताई म्हणाली, मीठ कमी आहे. तिसऱ्या दिवशी आणखी. असं करत करत एक दिवस ती काहीच म्हणाली नाही, मुकाट्यानं खाल्लं. मामाला वाटलं, जमलं, हेच माप. ते माप त्यानं हातात बसवलं आणि पुढे तसंच घालत गेला.

चाखून मात्र तो बघायचा नाही. ताईची बशी ती ताईची. स्वतः दुकानातच चहात पाव बुडवून खाऊन यायचा.

त्याचा हात हळूहळू बसत गेला. घाई असली की तव्यावर करायचा. तेल चांगलं तापवायचं, तुरे उभे चिरून कापलेली बाजू तेलावर ठेवायची आणि अजिबात हलवायचं नाही. चुळबुळ करणाऱ्याला तवा काही देत नाही, असं वहिनी म्हणायच्या. खालची बाजू लालसर झाली, कडा जराशा काळ्या पडल्या की लसूण ठेचून टाकायचा, एकदा परतायचं, झालं. लसूण आधी टाकला तर तो करपतो आणि सगळं कडू होतं, हे मामा एकदा करून शिकला. दांडा तो आधी टाकून द्यायचा. ताईनं पलंगावरून मधल्या दारातून बघितलं आणि ओरडली, "अरे, खरा माल टाकतोस की! वरचं साल काढ, आत लोण्यासारखं असतं." मग दांड्याच्या चकत्या बटाट्याबरोबर उकडून, घोटून, दूध आणि लोणी घालून तो सूप करायला लागला. गिळायला जड जात असेल त्या दिवशी सूप. बरं असेल त्या दिवशी वाफवलेले तुरे बारीक चिरून अंड्यात फेटून, मंद आचेवर झाकण ठेवून जाडसर पोळा. चीज मिळालं तर तुऱ्यांवर किसून घालायचा, वरून गरम झाकण दाबून धरायचा. ते दाबून धरताना त्याचा डावा पाय आपोआप खाली पेडल शोधायचा. ताईला ते दिसायचं. म्हणायची, "घरी आलास रे, घरी आलास."

ताई कधी अर्धी बशी खायची, कधी दोन घास. पण खायची. आणि मग दवाखान्यात काट्यावर उभी केली तेव्हा वजन वाढलेलं निघालं.

मामा तिथेच काट्याजवळ लहान मुलासारखा हसला. नर्सला म्हणाला, ब्रोकोली! नर्सला काही कळलं नाही, तीही हसली. मामाच्या मनात तर पुढचं औषध सुरूही झालं होतं. वहिनींना काय सांगायचं, मालकांकडे कुठली सुट्टी मागायची, सगळं ठरलं होतं.

डॉक्टरांनी आकडा बघितला. ताईला खुर्चीत बसवून तिचा पाय हातात घेतला. नडगीवर अंगठा दाबून धरला, मग उचलला.

अंगठ्याचा खळगा तसाच राहिला.

मामानं आयुष्यभर कापडं बघितली. दाबलेलं परत वर येतं की नाही, यावरून जिवंत लोकर कुठली आणि मेलेली कुठली हे तो डोळे मिटून सांगायचा. त्याला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. ताईच्या पायावरचा तो खड्डा तो नुसता बघत राहिला, भरेल, आत्ता भरेल म्हणून. तो भरेपर्यंत डॉक्टरांचं हात धुणंसुद्धा झालं.

मग बाहेर नेऊन डॉक्टरांनी सांगितलं. वाढलंय ते अंग नाही, पाणी आहे. सूज आहे. दुखणं पुढे गेलंय. आता ते औषध देण्यात अर्थ नाही, उगाच हाल होतील. घरी ठेवा, हवं ते द्या.

मामानं एकच विचारलं. "डॉक्टर, मिठानं सूज येते का?"

"मिठानं थोडी वाढते. पण कारण ते नाही. मिठानं हे झालेलं नाही. मनाला लावून घेऊ नका."

एवढं सगळं बोलले बिचारे, पण मामानं त्यातला थोडी हा शब्द तेवढा उचलला. आभाळच फाटलं होतं, तिथे ठिगळ कुठलं लावणार? पण माणसाला फाटलेलं आभाळ हातात धरता येत नाही. चिमूटभर मीठ धरता येतं.

घरी आल्यावर त्यानं ताईला निजवलं आणि खाटेवर बसून राहिला. पायातले बूटही काढले नाहीत. दुपार कलायला लागली. खाली कुलपांच्या दुकानात किल्ली घासायचं यंत्र किरकिरत होतं.

"आज काही नाही वाटतं?" ताई म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. खुर्चीतून तिनंही आपला पाय बघितला होता.

मामा बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला.

"अरे, दातखीळ बसली का?"

"मीठ मी घालत होतो," मामा म्हणाला. "तू कमी म्हणायचीस, मी वाढवायचो. डॉक्टर म्हणाले मिठानं सूज वाढते."

ताईनं उशीवरची मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "वेडा आहेस. मला कुठे मीठ कळत होतं! मला कशाचीच चव कळत नव्हती, आजही कळत नाही."

"मग मीठ कमी म्हणायचीस ते?"

"तू असा पायथ्याशी उभा राहून माझ्या तोंडात बघायचास. निकाल लागणार असल्यासारखा. काहीतरी बोलायला नको का? छान झालंय म्हणाले असते तर ते खोटं. मीठ कमी म्हटलं की तू ओट्याकडे पळायचास, तेवढा वेळ मी निवांत."

मामाला काय करावं कळेना. रडावं तर ती हसत होती.

"आणि तू काय रे," ती म्हणाली, "तुला चाखून कळलं नाही? एवढं मीठ?"

"मी कुठे चाखलंय?"

"एकदाही नाही?"

"तुझी बशी होती ती."

ताईचं हसू तिथेच थांबलं.  मग हातानं ओट्याकडे दाखवलं. "ऊठ. बूट काढ. कर आज. आणि माझ्यासमोर बसून तू खायचं. मला बघू दे."

त्यानं तव्यावरची केली. बिनमिठाची. बशी घेऊन पलंगाजवळ बसला आणि पहिला तुरा तोंडात घातला.

"कशी लागतेय?"

मामाला चवीचे शब्द कुठे येत होते? सुती, लोकरी, रेशमी, एवढेच त्याचे शब्द. म्हणाला, "बरी आहे."

"बरी म्हणजे काय, पाहुण्यांना सांगतोस का? नीट सांग."

त्यानं डोळे मिटून दुसरा खाल्ला. "कडेला कुरकुरीत. कांजी केलेल्या कॉलरसारखी. मधे मऊ. पण... सपाट आहे. काहीतरी बसलं नाही."

"लिंबू पिळ."

तो लिंबू घेऊन आला, पिळलं, खाल्लं.

"आता?"

"आता उठली. आता उन्हात वाळवलेल्या चादरीसारखी लागतेय."

"म्हणजे चांगली?"

"म्हणजे चांगली."

ताईनं मान डोलावली, जशी काही तिनंच खाल्ली. मग तिनं त्याला कामालाच लावलं. रोज काहीतरी करायचं, तिच्यासमोर बसून खायचं आणि कसं लागतं ते सांगायचं. ती पडल्या पडल्या सुधारायची. जिरं भाजून कुटून टाक. काळी मिरी घाल, पण शेवटी. लसूण आज आळशासारखा चिरलायस, तुकडे दातात येत असतील बघ. येत असायचे. शेंगदाणे भाजून भरडून वर टाक, तुला चावायला आवडतं. मामाला स्वतःला चावायला आवडतं हे त्याला तेव्हा कळलं. वसतिगृहात शेकडो पोरांना जेवू घातलेल्या बाईनं आपली जीभ गेल्यावर भावाची जीभ वापरली, आणि त्या नादात तो जेवायला शिकला. तिला पुढचं दिसत होतं ना. आपल्यामागे हा चहात पाव बुडवून दिवस काढील, याचा तिला घोर होता. आम्ही भेटायला गेलो की बोलायची, जाण्याचं काही नाही गं, पण याला पोटाचं काही येत नाही.

ती स्वतः एखादा तुरा घ्यायची, नाहीतर नाही. मामा आग्रह करायचा नाही. तिच्या तोंडाकडे बघायचंही त्यानं सोडून दिलं, बशीत बघून सांगायचा. मीठ तर नावाला. आणि सूज काही उतरली नाही. पाय, मग हात, मग पापण्या. बोलणंही कमी होत गेलं. आधी पूर्ण वाक्य, मग नुसतं लिंबू, मग नुसतं हं.

मामा लॉन्ड्रीत जाईनासा झाला. त्याच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला उभं करायचं नाही असं वहिनींनी मालकांना बजावलं होतं.

एका दुपारी त्यानं ब्रोकोली तव्यावर टाकली आणि खाली कुलपांच्या दुकानात कुणीतरी मोठ्यानं भांडत होतं, तो आवाज ताईला लागू नये म्हणून खिडकी लावायला गेला. कडी घट्ट होती, वेळ लागला. परत येईपर्यंत एका बाजूनं पार काळी झाली होती. टाकून दुसरी करावी असं मनात आलं, पण ती ओरडेल म्हणून तशीच बशीत घेतली आणि पलंगाजवळ बसला.

"ताई, आज करपली जरा," तो बशीत बघूनच म्हणाला. "कडू आहे. लिंबानंही भागायचं नाही. खिडकीपाशी गेलो होतो."

ती काही बोलली नाही.

मामानं आणखी एक तुरा खाल्ला. "दांडा बरा आहे. वरचंच जळलंय."

आणि मग त्याचा हात थांबला. ती बोलली नव्हती. झोपेत असली, ग्लानीत असली, तरी करपलेल्याला ताई काही बोलली नाही, असं त्याच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. मामानं बशी जमिनीवर ठेवली आणि वर बघितलं.